कूलरच्या हवेतली लेन्स: खान्देशात कॅमेरा ओलीपासून कसा सांभाळायचा

"आपला खान्देशमा कोठे ओल शे ताई?" लेन्समधली बुरशी दाखवली की समोरचा हमखास हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे. आपला पाऊस कोकणाच्या चौथाईच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर, आणि ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. अशा मुलखात काचेवर बुरशी येते हे पटकन पटत नाही. पण शहाद्यात आमचा स्टुडिओ वडिलांच्या काळापासून आहे, लग्नाचे फोटो काढणारी आसपासची पोरं लेन्स तपासायला माझ्याकडे आणतात, आणि ते बघून माझं मत पक्कं झालं आहे. इथल्या बऱ्याच लेन्सना बुरशी पावसात लागतच नाही. ती लागते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला, कूलरच्या खोलीत. पाऊस तिला फक्त वाढवतो.

कूलर हवा गार करतो तो पाणी उडवून. गवतातून पाणी ठिबकतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि ती वाफ गार हवेबरोबर खोलीत येते. सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी रिकामी होते, म्हणजे तेवढं पाणी तुमच्या खोलीच्या हवेतून गेलं. समोरची खिडकी उघडी असेल तर ते बाहेर निघून जातं. पण दुपारी झळा येतात म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. मग ते पाणी गाद्यांत मुरतं, कपाटातल्या कपड्यांत मुरतं, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेतही मुरतं. बाहेर आर्द्रता २० टक्के असताना बंद खोलीत कूलर चालला की आर्द्रतेचा मीटर सहज साठी ओलांडतो. रात्रभर चालला तर सत्तरी.

बुरशीला एवढं पुरतं. आर्द्रता ६०-६५ च्या वर काही दिवस सलग राहिली, जागा अंधारी असली, हवा हलत नसली आणि काचेवर धूळ किंवा बोटांचं तेल असलं, की हवेत कायम असलेले बीजाणू रुजतात. वाढताना बुरशी आम्ल सोडते. ते आधी लेन्सचं कोटिंग खातं, मग काच. म्हणून उशिरा लक्षात आलेली बुरशी कारागिराने काढून दिली तरी तिच्या जाळीचा डाग काचेवर राहू शकतो.

कॅमेरा आणि लेन्ससाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता उत्तम. साठीच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि ३० च्या खालीही फार काळ ठेवायची नाही. ही खालची मर्यादा बाहेरगावचे लोक सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. आपल्याला पडते. फार कोरड्या हवेत झूम रिंगचं रबर आणि बॉडीवरची पकडीची कातडी कडक होते, सुटायला लागते. म्हणजे खान्देशात एकाच वर्षात दोन्ही टोकं सांभाळायची आहेत.

आधी मीटर घ्या

डब्या-कपाटाच्या आधी एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, घ्या. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतो. स्वस्त मीटर चार-पाच टक्क्यांनी चुकतात, म्हणून आल्याबरोबर तो मिठाने तपासायचा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ विरघळून जाता कामा नये, नुसता लगदा झाला पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी बंद करा आणि रात्रभर घरातल्या सावलीत राहू द्या. मिठाच्या लगद्यावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा मिठाचा गुणधर्म आहे. सकाळी मीटर ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो. पांढऱ्या टेपच्या तुकड्यावर "+४" लिहून मीटरच्या पाठीवर चिकटवा. आमच्या प्रत्येक मीटरवर अशी टेप आहे.

मग तो मीटर घरभर फिरवा. एक दिवस कूलरच्या खोलीत, एक दिवस आतल्या खोलीत, एक दिवस लोखंडी कपाटाच्या आत. गावाकडे धाब्याचं घर असेल तर तिथेही ठेवा. धाब्याच्या घरात उन्हाळ्यात छान गारवा असतो, पण श्रावणात मातीच्या भिंती ओल धरतात आणि ती पुढे बरेच दिवस सोडत राहतात. सिमेंटच्या घरातही पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला टेकलेलं कपाट मधल्या भिंतीला टेकलेल्या कपाटापेक्षा ओलं असतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तरी फरक पडतो.

गच्चीवरच्या खोलीत मात्र कॅमेरा ठेवू नका. ती कोरडी असते हे खरं, पण मे महिन्यात पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली भट्टी होते. उष्णतेने लेन्सच्या आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर उतरतं, पाती चिकटतात आणि फोटो वाट्टेल तसे उजळ-काळे यायला लागतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तळमजल्यावरची, आतल्या भिंतीची, कूलर नसलेली खोली.

डबा

कॅमेऱ्याची बॅग ही कॅमेरा न्यायची वस्तू आहे, ठेवायची नाही. आतला फोम आणि कापड ओल धरून ठेवतात. लेन्सबरोबर येणारी चामड्याची किंवा रेक्झिनची थैली तर त्याहून वाईट. काम संपलं की सामान बॅगेतून बाहेर आलंच पाहिजे.

एक-दोन बॉडी आणि तीन-चार लेन्स असतील तर महागडं काही लागत नाही. किराणा भरायला मिळतो तसा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, १५-२० लिटरचा, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला आणि चारही बाजूंनी क्लिप लागणारा. दुकानातच तपासून बघा. झाकणाच्या कडेत कागदाची पट्टी धरून क्लिप लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर त्या जागी फट आहे, दुसरा डबा मागा. चारही बाजूंनी असं करा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

आत सिलिका जेल, म्हणजे ओल पिणारे दाणे. निळं जेल ओल पिऊन गुलाबी होतं, केशरी जेल हिरवं होतं. मी केशरी वापरते, कारण निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराईड असतं आणि आमच्या घरात लहान मुलं आहेत. औषधाच्या बाटलीतल्या किंवा बुटाच्या खोक्यातल्या चिमूटभर पुड्यांनी इथे काही होत नाही. २० लिटरच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम सुटं जेल घ्या, पातळ सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या करून दोन कोपऱ्यांत ठेवा. मूठभर जेल रंग दिसावा म्हणून छोट्या उघड्या वाटीत वेगळं ठेवा.

२०० ग्रॅम कशाला, असं काही जण विचारतात. भर पावसाळ्यातसुद्धा एवढ्या डब्याच्या हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असतं. पण ओल काही फक्त हवेत नसते. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्यात असते, फोमच्या तुकड्यात असते, पुसायच्या कपड्यात असते, आणि डबा उघडाल तेव्हा दरवेळी नवी आत येते. म्हणून पट्टे काढून डब्याबाहेर टांगा. फोम कमीत कमी ठेवा, आणि ठेवायचाच तर आधी उन्हात वाळवून घ्या. मीटर आत असा लावा की झाकण न उघडता बाहेरून आकडा वाचता येईल.

हा आकडा बघून जेल कमी-जास्त करायचं. जुलै ते सप्टेंबर पूर्ण जेल लागतं. दिवाळीनंतर एक पुरचुंडी काढून टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे बाहेरचीच हवा इतकी कोरडी असते की ताजं वाळवलेलं जेल आत राहिलं तर आकडा २० च्या खाली उतरतो. तेव्हा जेल काढा. कूलर सुरू झाला की परत घाला.

आता जेल वाळवण्याबद्दल, कारण या बाबतीत खान्देशाचं ऊन आपल्या बाजूने आहे. रीतसर पद्धत ओव्हनची: ११० ते १२० अंशांवर दोन तास. त्याहून तापवलं तर रंग मरतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. पण मे महिन्यात यातलं काहीच लागत नाही. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत घालतो तेव्हाच मी एका मोठ्या पत्र्याच्या परातीत जेलचा एकपदरी थर पसरते, खाण्याच्या वस्तूंपासून दूर, वर मच्छरदाणीचा तुकडा टाकून. परात हाताला चटका देते आणि वरची हवा १५-२० टक्क्यांची असते. अशा हवेत जेलमधलं बरंचसं पाणी निघून जातं. सकाळी मळकट हिरवे दिसणारे दाणे दुपारी तीन-साडेतीनपर्यंत कडेकडेने केशरी होतात. दर तासाला एकदा हात फिरवला की मधलेही होतात. कोकणातल्या माणसाला हे ऊन मिळत नाही. एक पथ्य आहे: ऊन कलायच्या आत, परात गरम असतानाच जेल काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावायचं. संध्याकाळपर्यंत उघडं राहिलं तर खालून येणारी कूलरची हवा ते परत पितं. मेमध्ये अशा दोन-तीन बरण्या भरून ठेवल्या की पावसाळ्याची सोय होते.

डब्यात तांदूळ घालू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचा पीठूळ भुगा लेन्सच्या रिंगांत शिरतो. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. साड्यांच्या कपाटात कॅमेरा ठेवणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. त्या गोळ्यांची वाफ बंद जागेत काचेवर बसते.

सामान लाखांच्या घरात गेलं असेल, किंवा रोज काढ-घाल होत असेल, तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या, म्हणजे आतली आर्द्रता लावलेल्या आकड्यावर ठेवणारं कपाट. ३० लिटरपासून मिळतात, वीज फार खात नाहीत. आकडा ४५ वर ठेवा. लाइट गेली की काय, ही आपल्याकडची खरी शंका. दाराचं रबर चांगलं असेल तर काही तास आतला आकडा फारसा हलत नाही, फक्त तेवढ्या वेळात दार उघडू नका. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, आणि त्याचं स्वतःचं मीटर एकदा मिठाने तपासलेल्या मीटरशी ताडून बघा.

वडिलांच्या वेळी कॅबिनेट नव्हतं. लाकडी कपाटात खालच्या बाजूला १५ वॅटचा पिवळा बल्ब कायम जळत असे. कप्प्यांना भोकं पाडलेली होती, त्यातून ऊब वर चढायची. हवा चार-पाच अंशांनी तापली की तेवढंच पाणी असूनही तिची आर्द्रता उतरते, एवढंच त्यामागचं शास्त्र. यशिका आणि निकॉनच्या त्यांच्या जुन्या लेन्स आजही स्वच्छ आहेत. कुणाला हे करायचं असेल तर फक्त पावसाळ्यात करा, जुना तारेचाच बल्ब लावा, एलईडीने कपाट तापत नाही. बल्बपासून कापड आणि प्लॅस्टिक हातभर लांब ठेवा. उन्हाळ्यात बंद.

काम करून आल्यावर

डबा कितीही चांगला असला तरी ओली किंवा मळकी लेन्स त्यात बंद केली तर उपयोग नाही. आपल्या कामात ओल नेमकी कुठून येते ते बघा.

हल्ली लग्नाच्या लॉनवर फवाऱ्याचे पंखे असतात. त्यातून बारीक तुषार उडतात आणि ते पाणी बहुधा बोअरचं, क्षारांचं. लेन्सवर वाळलं की पांढरे ठिपके उरतात. पंख्याच्या झोतात उभं राहू नका, राहावंच लागलं तर लेन्सला हूड आणि बॉडीला पारदर्शक पिशवी. हळदीच्या कार्यक्रमात हळद झूमच्या खाचेत जाते. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजारात, डिसेंबरच्या थंडीत धूळ उडते आणि पहाटे तापीकाठी दव पडतं. धूळ आणि दव एकत्र आले की बुरशीला खाणं आणि पाणी दोन्ही मिळालं. केळीच्या बागेत सकाळी मॉडेलचे फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू. ठिबकच्या पाण्याने बागेतली हवा बाहेरपेक्षा दमट असते, पानांवरून थेंब गळतात.

घरी आल्यावर आधी ब्लोअरने, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी फुग्याने, धूळ उडवा. मग मऊ ब्रश. मग मायक्रोफायबरच्या कपड्याने बॉडी, रिंगा, माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या जागेच्या) बाहेरची कडा पुसा. काचेला हात सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. तोंडाची वाफ देऊन काच पुसायची सवय सोडा, लेन्स क्लीनिंगच्या द्रवाचे एक-दोन थेंब कपड्यावर घ्या. फिल्टर लावलेला असेल तर काढून दोन्ही वेगवेगळे पुसा. फिल्टर आणि काच यांच्या मधल्या फटीत ओल अडकते आणि तिथे कुणी बघत नाही. मग सगळं सामान पंख्याखाली दोन-तीन तास उघडं ठेवा. कूलरखाली नाही. नंतरच डब्यात.

ट्रायपॉडचे पाय लांब करून पुसा. नदीत उभा केला असेल तर रात्रभर लांबच राहू द्या.

वाफ धरण्याचा प्रश्न आपल्याकडे ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिलमध्ये एसी हॉलमधून भर उन्हात आलात तर लेन्स सहसा धुकत नाही, कारण बाहेरच्या हवेत पाणीच नसतं. जुलैत मात्र तोच कॅमेरा एसी गाडीतून काढताच पांढरा होतो, कारण गार काचेवर बाहेरची वाफ पाणी होऊन बसते. हे पाणी लेन्सच्या आतही बसू शकतं. उपाय सोपा आहे. गार जागेतून निघण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या मोठ्या पिशवीत घालून पिशवी बंद करा, आणि बाहेर आल्यावर अर्धा ते एक तास तसाच राहू द्या. वाफ पिशवीवर बसेल, कॅमेऱ्यावर नाही. तोरणमाळला जाताना मी घाट लागायच्या आधीच एसी बंद करून काचा खाली करते, म्हणजे वर पोचेपर्यंत कॅमेरा बाहेरच्या हवेला आलेला असतो. पावसाळ्यात तिथे यशवंत तलावावर ढग अंगावरून जातात आणि छत्री असूनही सगळं ओलं होतं. तिथे लेन्स बदलू नका. एकच लेन्स लावून जा.

बॅटरी डब्यात ठेवायची तर कॅमेऱ्यातून काढून, निम्म्याच्या आसपास चार्ज करून. बॅटरीला ओलीपेक्षा उष्णतेचा जास्त त्रास, त्यामुळे उन्हात लावलेल्या गाडीत बॅटरी किंवा कॅमेरा सोडून जाऊ नका.

टॉर्च लावून बघणे

महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, प्रत्येक लेन्स बाहेर काढा. झूम आणि फोकसच्या रिंगा पूर्ण फिरवा, चार फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी लागते, कारण तिला उजेड आणि हलती हवा मिळते. मग अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने तिरपा टॉर्च मारा आणि पुढून बघा. जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. सुटे सुटे ठिपके म्हणजे धूळ, त्याने फोटोला काही होत नाही. सगळीकडे सारखा दुधट पडदा म्हणजे वंगणाची वाफ. कडेपासून आत सरकणारे, फाटे फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू म्हणजे बुरशी.

बुरशी दिसली तर ती लेन्स लगेच वेगळ्या डब्यात, ताज्या जेलबरोबर ठेवा आणि लवकरात लवकर लेन्स उघडणाऱ्या जाणकार कारागिराकडे द्या. स्वतः खोलू नका. आतल्या काचा केसाइतक्या सरकल्या तरी फोकस जातो. लेन्स उन्हात ठेवून बुरशी मरते असं सांगणारे भेटतील. मारणारे अतिनील किरण बरेचसे काचच अडवते, शिवाय आपल्या उन्हात लेन्स भिंगाचं काम करून शेजारचं कापड पेटवते. उन्हात विसरलेल्या लेन्सने जळालेला पडदा मी पाहिलेला आहे.

जुनी लेन्स विकत घेताना हीच टॉर्चची तपासणी दुकानात, पैसे द्यायच्या आधी करा. विकणारा "एवढंसं आहे, फोटोत दिसत नाही" म्हणेल आणि ते खरंही असेल, कारण कडेची बुरशी फोटोत खूप उशिरा दिसते. लाइटसमोर धरून फोटो काढला की आधी तिथे कळतं: उजळ भागाभोवती धूसरपणा पसरतो. अशी लेन्स घ्यायचीच असेल तर साफसफाईचा खर्च आधी कारागिराला विचारा, किमतीतून वजा करा, आणि साफ होऊन येईपर्यंत ती आपल्या बाकीच्या सामानाच्या डब्यात घालू नका.